अबुल फझलचा खून: कबुली मिळाली, पण तपास कुठे थांबला?

प्रश्न असा आला आहे: अकबराचा इतिहासकार अबुल फझल याला वाटेत लुटारूंनी मारलं असं एकीकडे वाचायला मिळतं आणि दुसरीकडे जहांगीर आत्मचरित्रात सरळ सांगतो की हा खून मीच करवला. मग यात रहस्य काय उरलं? आणि ज्याने मारलं तो वीरसिंहदेव बुंदेला डाकू होता की राजा?

मुघलकाळाची फारसी साधनं वाचण्यात आणि शिकवण्यात माझी तीसेक वर्षं गेली. हे प्रकरण मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. कबुलीजबाब हाती आला की तपास संपला असं त्यांना वाटतं. मी त्यांना सांगतो, कबुली पुन्हा एकदा वाचा आणि ती कुठल्या कागदावर, कशासाठी लिहिली आहे ते बघा.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर हे घ्या. खून शाहजादा सलीमने, म्हणजे पुढच्या जहांगीरने करवला. वीरसिंहदेव बुंदेल्याच्या लोकांनी तो केला. या दोन गोष्टींबद्दल तेव्हाही वाद नव्हता, आजही नाही. न सुटलेला भाग वेगळाच आहे. इतक्या सावध बुद्धीचा माणूस चार-चार वेळा इशारा मिळूनही त्याच वाटेने का गेला? आणि अख्ख्या साम्राज्याची फौज मागे लावूनही मारेकरी हाती का लागला नाही?

तेव्हाची परिस्थिती आधी सांगतो, कारण तिचा एक धागा आपल्या मुलखातून जातो. १५९९ मध्ये अकबराने अबुल फझलला दक्षिणेत पाठवलं. शाहजादा मुराद दारूने खंगला होता, त्याला परत आणायचं काम होतं. पण मुराद त्याच वर्षी पूर्णाकाठच्या छावणीत वारला आणि बिथरलेली फौज सावरण्याचं काम या लेखणीच्या माणसाच्या अंगावर पडलं. ते त्याने चांगलं निभावलं. १६०० मध्ये चांदबीबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला पडला, १६०१ च्या सुरुवातीला असीरगड हाती आला. अकबर उत्तरेत परतला, अबुल फझल मागे राहिला. त्याची मनसब (दरबारी हुद्दा) चढत चढत पाचहजारी झाली. लेखणीवर वाढलेल्या माणसाला हा मान सहज मिळत नसे.

इकडे थोरला शाहजादा सलीम १६०० पासून उघड बंडात होता. अलाहाबादला त्याने स्वतःचा दरबार थाटला, बिहारचा तीस लाखांचा खजिना ताब्यात घेतला, आपल्या माणसांना पदव्या आणि जहागिरी वाटल्या. १६०२ मध्ये तो मोठी फौज घेऊन इटाव्यापर्यंत आला, बापाने दटावल्यावर मागे फिरला. अकबराला अशा वेळी आपला सगळ्यात विश्वासू माणूस जवळ हवा होता. त्याने अबुल फझलला निरोप धाडला: तिथलं काम मुलावर, अब्दुर रहमानवर सोपव आणि ताबडतोब ये.

आता वीरसिंहदेव. बुंदेलखंडातल्या ओरछाचा राजा मधुकरशाह १५९२ मध्ये गेल्यावर गादी थोरल्या रामशाहकडे गेली. धाकट्या वीरसिंहाच्या वाट्याला दतियाजवळची बडौनी एवढीच जहागीर आली. तेवढ्यावर तो समाधानी नव्हता. आजूबाजूची ठाणी बळकाव, मुघल फौज आली की जंगलात शीर, ती गेली की पुन्हा बाहेर ये, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललं होतं. आपल्याकडच्या जुन्या कागदांत अशा माणसाला पुंड म्हणतात. चंबळ आणि बुंदेलखंडात आजही लोक ‘बागी’ म्हणतात, आणि तिथे बागी आणि डाकू हे दोन शब्द एका अर्थाने कुणी वापरत नाही. डाकू घर लुटतो. बागी सत्तेशी वैर घेऊन रानात उतरलेला असतो, बहुतेकदा घरच्याच वाटणीवरून. वीरसिंहदेव या अर्थाने बागी होता. त्याला गादी हवी होती, आणि ती देऊ शकणारा माणूस अलाहाबादेत बसला होता.

आता कबुलीकडे येऊ. जहांगीरनाम्यातला तो मजकूर गादीवर बसल्यानंतरच्या पहिल्या काळातल्या नोंदींत आहे. वीरसिंहदेवाला तीनहजारी मनसब दिली, ही मूळ नोंद. ती का दिली याचं कारण सांगताना बादशाह खुनाकडे वळतो. तो म्हणतो त्याचा मथितार्थ असा: शेख अबुल फझल विद्वत्तेत फार मोठा होता, पण त्याने निष्ठेचा दागिना वरून घातला होता आणि तो माझ्या वडिलांना भारी किमतीला विकला. माझ्याबद्दल त्याचं मन साफ नव्हतं. चहाडखोरांमुळे वडील माझ्यावर आधीच रागावलेले. हा दरबारात पोचला असता तर माझं त्यांच्या पायाशी जाणंच बंद झालं असतं. वीरसिंहदेवाचा मुलूख त्याच्या वाटेवर होता आणि वीरसिंह तेव्हा बंडात होता. मी त्याला सांगून पाठवलं की या फितुरी माणसाला अडवून संपवलंस तर माझ्याकडून सगळी मेहेरबानी होईल. त्याने थोड्याशा चकमकीत काम केलं आणि मुंडकं माझ्याकडे अलाहाबादला पाठवलं.

हा मजकूर मी वर्गात दोनदा वाचायला लावतो. पहिल्या वाचनात पोरं त्या थंडपणाने हादरतात. दुसऱ्या वाचनात मी विचारतो, यात काय नाही? बराच वेळ कुणी बोलत नाही. मग एखादी मुलगी म्हणते, ‘सर, स्वतःचं बंड नाही.’ बरोबर. वीरसिंह बंडात होता हे तो सांगतो, आपण स्वतः बंडात होतो हे गाळतो. त्याच्या सांगण्यात तो चहाडखोरांनी बापापासून तोडलेला मुलगा आहे आणि खून म्हणजे बापाकडे जाण्याची वाट मोकळी करणं. हा मजकूर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून दिलेला जबाब नाही, बढतीच्या हुकुमाचं समर्थन आहे. त्यातली घटना खरी धरा, हेतू मात्र जशाच्या तसा घेऊ नका. खुनाच्या वेळी सलीमपुढचा प्रश्न गादीचा होता. धाकटा भाऊ दानियाल दक्षिणेत फौजेसह होता, स्वतःचाच मुलगा खुसरो याच्याकडे काही बड्या सरदारांचा कल होता. अशा वेळी अकबराच्या कानाशी अबुल फझल बसला तर तराजू कुठे झुकेल हे सलीमला नीट कळत होतं.

दुसरा साक्षीदार असद बेग. कझवीनचा हा इराणी गृहस्थ अबुल फझलच्या पदरी बरीच वर्षं होता. त्याने लिहिलेली हकीकत सगळ्यात सविस्तर आहे आणि आजची बहुतेक वर्णनं तिच्यावरच उभी आहेत. पण हत्येच्या दिवशी तो जागेवर नव्हता, मागे सिरोंजला होता. त्याने लिहिलं ते जिवंत परतलेल्यांकडून ऐकून.

त्याची आणि इतर फारसी इतिहासकारांची हकीकत जोडली तर प्रवास असा दिसतो. उज्जैनला पोचल्यावरच अबुल फझलच्या कानावर आलं की सलीमने घात योजला आहे. बरोबरचे म्हणाले, नरवर-ग्वाल्हेरचा रस्ता सोडा, चांदा घाटाच्या वाटेने चला. तो म्हणाला, मी बादशाहाच्या बोलावण्यावरून चाललोय, चोर-दरोडेखोर माझी वाट अडवणार? पुढे सिरोंजला त्याने कसलेले, थकलेले स्वार असद बेगबरोबर मागे ठेवले आणि गोपालदास नकटा नावाच्या तिथल्या माणसाने नव्याने भरती केलेले सुमारे ३०० स्वार सोबत घेतले. असद बेग म्हणतो, मी बरोबर येतो म्हणून विनवलं, पण शेखने ऐकलं नाही. सराई बार नावाच्या मुक्कामी एक फकीर भेटायला आला आणि त्याने उद्याचा बेत जसाच्या तसा सांगितला. अबुल फझलने त्याला काही देऊन वाटेला लावलं. वाटेतले लहानमोठे अंमलदार आपले स्वार घेऊन सोबतीला तयार होते, त्यांनाही त्याने निरोप दिला.

१२ ऑगस्ट १६०२. सराईहून निघाल्यावर थोड्याच अंतरावर बुंदेल्यांचे स्वार दिसले. गदाई खान नावाचा जुना अफगाण नोकर म्हणाला, तीन कोसांवर आंतरी आहे, तिथे रायरायान आणि सूरजसिंह हे बादशाही सरदार दोन-तीन हजार घोडेस्वारांनिशी उतरलेत, आम्ही इथे अडवून धरतो, तुम्ही तिकडे सुटा. तीन कोस म्हणजे आपल्या हिशेबाने नऊ-दहा किलोमीटर. घोड्यावरून फार नाही. अबुल फझल हलला नाही. पळून जाणं त्याला कमीपणाचं वाटलं.

भाल्याचा वार त्याच्या शरीरातून आरपार गेला. घोड्याखाली सापडलेल्या मालकाला जब्बार नावाच्या सेवकाने ओढून झाडाखाली आणलं. पुढचा प्रसंग असद बेगच्या हकीकतीतला, आणि मला तो इतक्या वर्षांनीही झरझर वाचून पुढे जाता येत नाही. वीरसिंहदेव तिथे आला, घोड्यावरून उतरला, जखमी शेखचं डोकं त्याने मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या वस्त्राने त्याच्या तोंडावरचं रक्त पुसायला लागला. म्हणाला, शाहजाद्यांनी तुम्हाला आदराने बोलावलं आहे. शेखने त्याच्याकडे कडवट नजरेने पाहिलं. वीरसिंहाने शपथ घेतली, सुखरूप नेतो. शेखने त्याला शिव्या घातल्या. वीरसिंहाच्या सोबतचे म्हणाले, जखम जिवावरची आहे, हा न्यायच्या लायकीचा उरलेला नाही. तेवढ्यात जब्बारने तलवार उपसून काही जणांना लोळवलं, वीरसिंह उठून बाजूला झाला आणि त्याच्या माणसांनी मुंडकं उतरवलं.

हे असंच घडलं का? माझं मत सांगतो. मांडीवर डोकं घेण्याचा प्रसंग असद बेगने रचला असं मला वाटत नाही. मेलेल्या मालकाच्या मारेकऱ्याला दयाळू दाखवण्यात त्याचा काहीच फायदा नव्हता, आणि आपल्या बाजूच्या लेखकाने शत्रूच्या भल्याचं काही लिहिलं की मी ते जास्त गंभीरपणे घेतो. पण सिरोंजचा भाग, म्हणजे ‘मी येतो म्हणालो, शेखनेच थांबवलं’, हा मात्र जपून वाचायला हवा. बातमी आल्यावर अकबराने पहिला प्रश्न विचारला तो हाच: असद तेव्हा कुठे होता? बादशाह इतका संतापला होता की असद बेगला स्वतःच्या हाताने मारायला निघाला होता. म्हणजे या साक्षीदाराला मान वाचवायची होती. त्याच्या लिखाणात शेखचा हट्ट जितका ठळक दिसतो, त्यातला काही भाग या भीतीतून आला असणार. तरी सगळा नाही. उज्जैनचा इशारा आणि गदाई खानचा सल्ला हे इतर फारसी ग्रंथांतही येतात.

तिसरा आवाज मारेकऱ्याच्या बाजूचा, आणि मराठी वाचकांना तो फारसा माहीत नसतो. ओरछाचा कवी केशवदास याने १६०७ मध्ये ब्रजभाषेत ‘वीरसिंहदेव चरित’ लिहिलं. वीरसिंह तेव्हा राजा झालेला, कवी त्याच्या आश्रयाला. खून लपवण्याचा प्रयत्न केशवदास करत नाही, तो सविस्तर वर्णन करतो. फरक हा की इथे वीरसिंह आधी सलीमला समजावतो: तो तुमच्या वडिलांचा चाकर आहे, चाकरावर धन्याने इतका राग धरू नये. सलीम ऐकत नाही आणि मग वीरसिंह दिलेल्या शब्दाला बांधला जातो. दरबारी कवीने आपल्या राजाला असं वाचवणं समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे एक गोष्ट पक्की होते. बुंदेल्यांच्या दरबारातही हे कृत्य नुसतं ‘शौर्य’ म्हणून पचत नव्हतं, त्याला कारण द्यावं लागत होतं.

आता त्या वाटेचं कोडं. काही अभ्यासक म्हणतात, अबुल फझलला गर्व होता. काही म्हणतात, त्याला मरणच हवं होतं. मला दोन्ही पटत नाहीत. मी त्याच्या जागी उभा राहून बघतो. ज्याने आयुष्यभर लिहिलं की बादशाहाची सत्ता हा ईश्वरी प्रकाश आहे आणि तिच्या राज्यात वाटा सुरक्षित असतात, त्याने बादशाहाच्या हुकुमावरून जाताना आडवाट धरायची? तसं केलं असतं तर सलीमची सत्ता त्याच्या बापाच्या राजरस्त्यावर चालते, हे त्यानेच कबूल केल्यासारखं झालं असतं. दरबारात पोचून ज्या मुलाविरुद्ध बोलायचं, त्याच्याच भीतीने लपत आलो हे तोंड तिथे दाखवायचं कसं? दक्षिणेतल्या तीन वर्षांत त्याने स्वतःला सेनानी म्हणून सिद्ध केलं होतं, आणि लेखणीवाला पळाला असं ऐकून घेण्याची त्याची तयारी नव्हती. हा माझा अंदाज आहे, पण त्याच्या ग्रंथांतला माणूस आणि त्या सकाळचा माणूस इथे मला एकच दिसतो.

अकबराला बातमी द्यायची कुणाची हिंमत होईना. तैमूर घराण्यात रीत होती की शाहजाद्याच्या मृत्यूची बातमी तोंडाने सांगायची नाही. त्याचा वकील, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, मनगटाला निळा रुमाल बांधून समोर येई. अबुल फझल शाहजादा नव्हता, तरी त्याचा वकील निळा रुमाल बांधूनच बादशाहासमोर गेला. ग्रंथकार सांगतात की अकबर म्हणाला, सलीमला राज्य हवं होतं तर मला मारायचं, अबुल फझलला सोडायचं.

आणि मग तपास. वीरसिंहाचं मुंडकं आणा असा हुकूम सुटला. मोहिमेवर गेला तो रायरायान पत्रदास, म्हणजे खुनाच्या दिवशी तीन कोसांवर आंतरीला फौज घेऊन बसलेला तोच. बेतवाकाठच्या एरछ किल्ल्यात वीरसिंह कोंडला गेला. वेढा पडला. आणि एका रात्री तो तटातून वाट काढून, वेढ्यातल्या एका सरदाराच्या मोर्चाजवळून (पहाऱ्याच्या जागेजवळून), नदी ओलांडून निसटला.

इथे अकबराने जे केलं त्याला आजच्या भाषेत चौकशी आयोग म्हणावं लागेल. कुणाच्या मोर्चातून सुटला, का सुटला, हे शोधायला त्याने माणूस पाठवला, आणि तो माणूस होता असद बेग. ज्याच्यावर स्वतःवरच संशय होता, ज्याचा धनी मारला गेला होता, त्यालाच तपास अधिकारी नेमलं. असद बेगने प्रत्यक्ष जागेवर जाऊन सरदारांचे जबाब घेतले आणि परत येऊन सांगितलं की जाणूनबुजून कुणी सोडलेलं नाही, हयगय मात्र सगळ्यांची झाली.

या एका वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबतो. वेढ्यातल्या प्रत्येक सरदाराला माहीत होतं की बादशाह साठीला आलाय आणि ज्याच्या सांगण्यावरून हा खून झाला तो उद्याचा बादशाह असू शकतो. वीरसिंहाला पकडून दिल्याचं बक्षीस आज मिळालं असतं, शिक्षा उद्या. अशा वेळी कुणाला फितूर व्हावं लागत नाही. रात्रीचा पहारा जरा उशिरा बदलला, आवाज ऐकून जरा उशिरा घोड्यावर बसलं, की पुरतं. असद बेगला हे कळत होतं आणि त्याचं उत्तर अक्षरशः खरं होतं. अकबरालाही कळलं असावं. त्याने कुणाची मान उडवली नाही, कारण या तपासाचं पुढचं पाऊल त्याच्या स्वतःच्या मुलाच्या दारात पडत होतं, आणि दुसरे दोन मुलगे दारूने चालले होते. मुराद गेला होता, दानियाल १६०५ मध्ये बुऱ्हाणपूरला गेला. सलीमला तोडून गादी द्यायची कुणाला? १६०३ मध्ये अकबराची बेगम सलीमा सुलतान अलाहाबादला जाऊन सलीमला घेऊन आली आणि बापलेकांची भेट झाली. माझ्या मते तपास तिथेच बंद झाला.

ऑक्टोबर १६०५ मध्ये अकबर वारला आणि सगळे हिशेब उलटे फिरले. रामशाहला बाजूला सारून वीरसिंहदेव ओरछाचा राजा झाला आणि १६२७ पर्यंत राहिला. ओरछातला जहांगीर महाल, दतियाचा महाल, मथुरेचं केशवदेवाचं ३३ लाख खर्चाचं मंदिर (औरंगजेबाने १६७० मध्ये पाडलं ते) ही त्याचीच बांधकामं. १६१३ मध्ये त्याने एका टेकडीवर एक किल्लाही बांधला, आणि तो मराठी माणसाला तोंडपाठ आहे: झाशीचा. तेव्हा ‘डाकू की राजा’ याचं उत्तर असं की १६०२ मध्ये तो बागी होता, १६०५ नंतर राजा झाला, आणि या दोन्हींच्या मधला पूल म्हणजे हा खून.

दोन छोट्या शंका आणखी येतात, त्यांचंही सांगून टाकतो. खुनाची तारीख कुठे १२ ऑगस्ट दिसते, कुठे २२ ऑगस्ट. दोन्ही एकच दिवस आहेत. पहिली जुन्या ज्युलियन पंचांगाची, दुसरी आजच्या ग्रेगोरियन पंचांगाची, मध्ये दहा दिवसांचा फरक. दुसरी शंका, अबुल फझलने अकबराला धर्मापासून फिरवलं म्हणून त्याला मारलं का? जहांगीरच्या आत्मचरित्रातल्या या नोंदीत तसं कारण नाही. ते इतर ग्रंथांत येतं आणि माझ्या मते खुनाला धर्माचं वस्त्र चढवण्यासाठी मागाहून जोडलेलं आहे.

आणि मुलगा, अब्दुर रहमान? दक्षिणेत फौज सांभाळत होता म्हणून तो वाचला. जहांगीरने त्याला दोनहजारी मनसब दिली, ‘अफझल खान’ ही पदवी दिली (विजापूरचा तो वेगळा, घोटाळा नको) आणि पुढे बिहारच्या सुभ्यावर नेमलं. त्याच्या बापाचं धड आंतरीला पुरलं आहे. मुंडकं अलाहाबादला गेलं होतं, ते परत आलं नाही.